चाळीसचं गिऱ्हाईक

१

आकडा हलत नव्हता.

मावशीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ताईच्या फोनच्या पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत शंभर. ताईने तिच्यासाठी पाणी आणलं, खुर्ची ओढली, रडायला सुरुवात केली, रडणं आवरलं, तरी तो शंभरच होता.

मावशीचं सगळं नोकरीचं आयुष्य वजनं-मापं तपासायच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. दवाखान्यांतली तापमापकं आणि औषधवाल्यांचे तराजू तिच्या टेबलावर यायचे, आणि कुठल्याही उपकरणाला हात लावण्याआधी ती त्याच्याकडे थोडा वेळ नुसती बघत बसायची. चालू असलेला काटा किंचित का होईना थरथरतो. जो मुळीच थरथरत नाही तो अडकलेला तरी असतो, नाहीतर कुणीतरी धरून ठेवलेला.

"बघ ना," ताई, तिची थोरली बहीण, म्हणाली. "अजून शंभरच दाखवतंय. मी विकलं तेव्हाही शंभरच होता. हजार नाणी होती माझी. पहिलीतल्या पोरालाही येईल हा हिशेब. आणि बँकेत आले निम्म्याहून कमी."

"नक्की किती?"

ताईने दाराकडे पाहिलं. चष्म्याच्या त्या दुकानात दोघींशिवाय कुणी नव्हतं. भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमा तेवढ्या रांगेने बघत होत्या. "पंचेचाळीस हजार. कुणाला बोलू नकोस. लेकीला, जावयांना मी फक्त 'निम्मेही आले नाहीत' एवढंच म्हटलंय. आकडा सांगायचीसुद्धा लाज वाटते गं."

ते पैसे नव्या मशीनचे होते. काच आत ठेवली की आपोआप फ्रेमच्या मापाने कापून देणारं मशीन. जावयांनी सुचवलेल्या एका छोट्याशा क्रिप्टो नाण्यात ताईने दोन वर्षं ते वाढायला ठेवले होते. विकायचं ठरवलं त्या दिवशी नेमक्या शेजारच्या शाळेतल्या बाई चष्म्याची ढिली झालेली दांडी घेऊन आल्या. ताईच्या एका हातात फ्रेम, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या भाऊंना तिने हाक मारली, "भाऊ, माझ्या फोनवर तेवढं ते 'विका' दाबा हो."

भाऊंनी दाबलं. बाईंची दांडी बसेपर्यंत पैसे आल्याचा निरोप आला. ताईने तो वाचला आणि बाईंच्या देखत म्हणाली, "आजवर या दुकानाच्या पैशाला बाहेरच्या माणसाचा हात लागला नव्हता."

भाऊंनी अॅप्रन काढला, घडी केली, घासायच्या चाकावर ठेवला आणि ते गेले. त्यानंतर आलेच नव्हते.

"तू शास्त्रज्ञ ना? मग शोधून दे," ताई म्हणाली. "त्यांनी काय केलं ते कळलं की मी तक्रार करायला मोकळी."

"आणि दुसरं कुणी निघालं तर?"

"दुसरं कोण निघणार? पासवर्ड लेकीला माहीत आणि जावयांना. ते घरचेच आहेत."

मावशीने मान हलवली. खिडकीतून तिला दुकानाची काचेची पाटी पाठमोरी दिसत होती. वरच्या ओळीत ताईच्या नवऱ्याचं, भाऊजींचं नाव, आणि खाली एका नावापुरती कोरी जागा. भाऊजींनी ती भाऊंसाठी राखून ठेवली होती. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. जागा अजून कोरीच होती.

२

नाणी चोरीला गेलेली नव्हती. एवढं मावशीने अर्ध्या तासात नक्की केलं. खात्यातून एकही नाणं दुसरीकडे कुठे वळवलेलं नव्हतं. हजारच्या हजार विकली गेली होती. शंभरेक नव्वदच्या आसपास आणि उरलेली नऊशे चाळीसला.

"भाव शंभर असताना चाळीसला?" ताई ताडकन उठली. "मी म्हणत नव्हते? भाऊंनीच..."

"बस आधी." मावशीने भिंतीवरची एक फ्रेम काढली. "ही कितीला?"

"हजार. चिठ्ठी लावलीय की."

"मी ही आज हजारला नेली. उद्या परत आणून म्हटलं, ताई, विकायचीय, घे. किती देशील?"

"वापरलेली? दोनशे. तेही तू बहीण म्हणून."

"मग हिची किंमत काय?"

ताईने फ्रेम हातात घेऊन चिठ्ठी उलटून पाहिली.

"विकणारा मागतो तो एक भाव, घेणारा द्यायला तयार असतो तो दुसरा. मागतात त्याला आस्क म्हणतात, देतात त्याला बिड. आपल्याला विकायचं असेल तर बिड बघायची. आणि हा तुझा मोठा शंभर यातला एकही नाही. शेवटचा सौदा कितीला झाला एवढंच तो सांगतो. पुढचा कितीला होईल हे त्यालाही ठाऊक नसतं."

तिने आतलं पान उघडलं. ताईने ते पान दोन वर्षांत पाहिलेलं नव्हतं. उजवीकडे विकणारे, शंभर आणि त्याच्या वर, गच्च भरलेले. डावीकडे घेणारे. डावी बाजू जवळजवळ रिकामी होती. सगळ्यात वरची बिड होती सहा.

"सहा?" ताईचा आवाज खोल गेला.

"आज सहा. त्या दिवशी वरती थोडे बरे घेणारे होते. नुसतं 'विका' दाबलं की यंत्र तुला भाव विचारत बसत नाही. सगळ्यात जास्त देणाऱ्याला देतं, तो संपला की त्याच्या खालच्याला. नव्वदवाले शंभर नाण्यांतच संपले. त्यांच्याखाली एकदम चाळीसवर एक मोठं गिऱ्हाईक बसलं होतं. त्याने उरलेली सगळी उचलली. माझा भाव शंभर, त्याखाली देऊ नकोस, असं आधी लिहून ठेवायची सोय असते. ते तू लिहिलं नव्हतंस. बोट भाऊंचं असो की तुझं, पंचेचाळीसच आले असते."

ताई बराच वेळ फ्रेमच्या चिठ्ठीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी बाईंच्या देखत बोलले गं त्यांना."

"हो."

"तोंड कसं दाखवू आता?"

मावशीचं अर्धं लक्ष पडद्यावर होतं. ताईचा सौदा चाळीसला संपला होता. मग आकडा चाळीस दिसायला हवा. शंभर का दिसत होता? तिने नंतरचे सौदे पाहिले. एकच होता, अर्ध्या नाण्याचा, शंभरला. तिने आधीचे पाहिले. तिथेही आकडा खाली घसरला की कुणीतरी अर्धं नाणं घेत होतं. दर वेळी शंभरला.

काटा अडकलेला नव्हता. कुणीतरी तो धरून ठेवला होता.

३

भाऊंनी दार उघडलं ते अर्धंच. घरात एकच खोली, खिडकीपाशी बाक, त्यावर जुनी भिंगं मखमलीवर मांडलेली. मावशीला त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"तुम्ही ते बटण दाबलंत?"

"दाबलं."

"त्याआधी काही बदललंत? आकडा वगैरे?"

"मला त्यातलं काय कळतं? वहिनी म्हणाल्या दाबा, मी दाबलं." भाऊ ताईला पहिल्यापासून वहिनी म्हणत, भाऊजी त्यांचे दोस्त होते. "तेव्हापासून तेच डोक्यात आहे. दुसरंच काही दाबलं असेल का? हाताला तेल होतं. बोट घसरलं असेल का? म्हणून गप्प बसलो. चूक आपली असेल तर कुठल्या तोंडाने भांडायचं?"

"चूक तुमची नव्हती. मी तपासलंय."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. एक भिंग उचलून ते उजेडाकडे धरून बघू लागले.

"वहिनींना कळलंय हे?"

"कळलंय. त्यांना लाज वाटतेय."

"लाज वाटणं वेगळं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मला पैशांचं नाही लागलं, मावशी. 'बाहेरचा' म्हणाल्या ते लागलं. आणि एक विचारायचं होतं, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. ते नवीन मशीन आल्यावर काचा कोण घासणार होतं?"

मावशीच्या मनात हा प्रश्न एकदाही आला नव्हता.

४

लेकीला सगळे बबडी म्हणायचे. लग्न होऊन, केस पांढरे व्हायला लागूनही ती बबडीच होती. तिच्या घरी मावशी गेली ती सुट्टीच्या दुपारी. जाण्यापूर्वी तिने स्वतःच्या नावाने एक खातं उघडलं होतं आणि त्यात एकच नाणं घेऊन ठेवलं होतं, शंभरला.

"मावशी, खरं सांग, भाऊकाकांनी घेतले का गं?" बबडीने कप पुढे केला. "मला पटत नाही. माझा पहिला चष्मा त्यांनीच बसवला."

"तुझ्या आईचा या नाण्यावर फार जीव होता का?"

"जीव? अगं, रोज सकाळी उठून आधी आकडा बघायची, मग दात घासायची. मागे आम्ही डोंगरात गेलो होतो ना, फोनला रेंज नाही, काही नाही. त्या आठवड्यात भाव खाली आला तर इकडे हिचा जीव टांगणीला. आम्ही परतलो तर भाव आपला जागच्या जागी. मी म्हटलं, आई, नाणंसुद्धा आमच्यासोबत फिरायला आलं होतं."

ती स्वतःच हसली. समोरच्या खुर्चीतले जावई हसले नाहीत. ते पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघायचे. बोलणं नेहमी बेताचं, शर्टाला कायम इस्त्री.

"जावईबापू, हे नाणं तुम्हीच सुचवलंत ना?" मावशीने विचारलं. "हल्ली त्याचं कसं चाललंय?"

"मी कुठलं बघतोय. कित्येक महिन्यांत ते उघडलंसुद्धा नाही."

"तुमची काही नाणी आहेत त्यात?"

"असतील थोडीफार. लक्षातही नाही." त्यांनी कप बशीत ठेवला. "पण आईंनी मला आधी विचारायला हवं होतं. चाळीसच्या भावाने एवढी नाणी देऊन टाकायची म्हणजे काय."

मावशीने चहाचा घोट घेतला. ताईने घरच्यांना सांगितलं होतं, निम्मेही आले नाहीत. रक्कम सांगितली नव्हती. आणि सांगितली असती तरी पंचेचाळीस हजारांना हजारांनी भागलं की पंचेचाळीस येतात. चाळीस हा आकडा फक्त त्या दिवशीच्या सौद्यांत होता. तो पाहणाऱ्याने नाण्याचं पान उघडलेलं होतं, किंवा तो चाळीसला घेणारा स्वतः होता.

५

एका शब्दावरून माणसाला धरायचं नाही, असं मावशीला वाटलं. उपकरणाचं वाचन दुसऱ्यांदा घ्यायचं, हा तिचा नेमच होता. तिने मांडीवरच्या पिशवीआड फोन धरला आणि आपलं एकुलतं नाणं विकायला काढलं. घेणारा सहाचाच होता. शंभरला घेतलेलं सहाला गेलं, आणि हिरवा शंभर मिटून तिथे लाल सहा आला.

टेबलावर जावयांचा फोन टिंग करून वाजला.

त्यांनी तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आलोच," म्हणून ते आतल्या खोलीत गेले. बबडी खारी काढायला उठली. मावशी पडद्याकडे बघत राहिली. हे असं सापळा लावून बसणं तिला आवडत नव्हतं. भाचीच्या घरी पाहुणी होऊन आल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. एकदा तर मनात आलं, आकडा सहाच राहू दे.

आकडा शंभर झाला. सौदा अर्ध्या नाण्याचा.

जावई बाहेर आले तेव्हा मावशीने फोन टेबलावर ठेवला, पडदा त्यांच्याकडे करून. "ते नाणं मी विकलं होतं," ती म्हणाली. "दर वेळी ते अर्धं तुम्हीच घेता ना?"

ते उभेच राहिले. बबडी बशी घेऊन दारात थबकली.

"आईंनी घेतलं, ऑफिसात चौघांनी घेतलं, सगळ्यांनी माझ्या शब्दावर," जावई म्हणाले. "पुढे घेणारेच उरले नाहीत. आकडा पडला असता तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले असते. म्हणून खाली घसरला की फोनला खूण येते आणि मी अर्धं घेतो. तेवढ्याने तो उभा राहतो."

"आणि चाळीसची मोठी बिड?"

"वाटलं, घाबरून कुणीतरी स्वस्तात टाकेल. आपण उचलू. पुढे चढलं की सगळं भरून निघेल." त्यांनी कपाळ पुसलं. "कुणीतरी अनोळखी असेल असं धरलं होतं मी. नऊशे नाणी एकदम पदरात पडली तेव्हा मला आनंद झाला, मावशी. खरंच झाला. आणि मग आईंचा फोन आला."

"पैसे कुठले?" बबडीने विचारलं. बशी अजून तिच्या हातातच होती. "नऊशे घ्यायला पैसे कुठून आणलेत?"

जावयांनी टेबलावरचा कप उगाच सरळ केला.

"आपले घरासाठी साठवलेले?"

त्यांनी मान खाली घातली. बबडीने बशी टेबलावर ठेवली, फार जपून, जणू आवाज झाला असता तर आणखी काही फुटलं असतं.

"ताईचे पैसे कुणी चोरले नाहीत," मावशी म्हणाली. बोलताना तिचाच आवाज तिला परका वाटला. "शंभर कधी नव्हतेच. चाळीस होते, आणि ते तुमच्याच घरचे होते. तिच्या खात्यात आलेल्या पैशांतला मोठा वाटा बबडीचा आहे. त्यात गुन्हा नाही. पण भाऊ दुकान सोडून गेले, हे तुमच्या कानावर आलं होतं ना?"

"आलं होतं."

"मग?"

"एक वाक्य बोललो असतो तर हे सगळंच बोलावं लागलं असतं."

६

ताईने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. संध्याकाळी ती स्वतः लेकीकडे गेली, छत्तीस हजार तिच्या खात्यात वळते केले आणि जावयांना म्हणाली, "ऑफिसातल्या चौघांना तुम्ही सांगा. मी भाऊंना सांगते. आपापलं आपण वाटून घेऊ." जावयांनी वाकून नमस्कार केला. तिने आशीर्वाद दिला, पण नेहमीसारखा मोठ्याने नाही.

भाऊंच्या दारात मात्र तिचे शब्द अडकले. मावशी मागे उभी होती.

"चुकले मी," ताई म्हणाली.

"बरं."

"परत या."

"वहिनी, आत या, चहा घ्या. राग नाही मला." भाऊ शांतपणे म्हणाले. "पण ते बोलणं इथे झालं नव्हतं. दुकानात झालं होतं."

दुसऱ्या दिवशी भाऊ आले, पण मागच्या खोलीत गेले नाहीत. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. घडी केलेला अॅप्रन चाकावर तसाच होता. थोड्या वेळाने शाळेतल्या बाई आल्या. ताईने निरोप धाडला होता की दांडी पुन्हा एकदा बघून घ्यायचीय.

"दांडी तर छान बसलीय हो," बाई म्हणाल्या.

"दांडीचं नाही." ताईने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "त्या दिवशी मी तुमच्यासमोर यांना नाही नाही ते बोलले. पैशांना यांनी हात लावला नव्हता. मलाच काय विकतेय ते कळत नव्हतं."

"अहो, असू दे. मी तर विसरलेही."

"मी नाही विसरले."

बाई अवघडल्या. चष्मा पर्समध्ये ठेवावा की घालावा हे त्यांना ठरवता येईना. मावशी फ्रेमा नीट लावत असल्याचं दाखवत राहिली.

"वहिनी," बाकावरून भाऊ म्हणाले, "आता मशीन येत नाही. म्हणून म्हणताय का हे?"

ताईचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला. तिने खिडकीतून पाटीकडे पाहिलं. मावशीला वाटलं, ही आता नाही म्हणेल, आणि कुणी तिला खोटं पाडणार नाही.

"मशीन आलं असतं तर मी तुम्हाला जा म्हणाले असते," ताई म्हणाली. "गेली दोन वर्षं तेच मनात होतं. आमच्या यांनी जाताना सांगितलं होतं, खालच्या ओळीत भाऊंचं नाव घाल. मी मशीनची वाट बघत राहिले, म्हणजे घालावंच लागणार नाही."

बाईंनी चष्मा घातला.

"हे तुम्ही आता सांगताय," भाऊ म्हणाले.

"आताच सांगायला हवं. तुम्ही नको म्हणालात तरी चालेल, पण मी हे बाईंच्या समोर बोलणार." ताईने मागच्या खोलीत जाऊन चाकावरचा अॅप्रन उचलला आणि तो हातात तसाच धरून काउंटरच्या बाहेर आली. "पाटी रंगवणाऱ्याला निरोप दिलाय. उद्या येतोय. भाऊ, अर्धं दुकान तुमचं. खालच्या ओळीत तुमचं नाव घालायचं."